स्मोकी माउंटन्स, अण्णा आणि लॅफ्रिया

अटलांटातला मराठी माणूस घरी पाहुणे आले की त्यांना एकतर फ्लोरिडाला नेतो नाहीतर गॅटलिनबर्गला. गॅटलिनबर्ग म्हणजे टेनेसीतलं, ग्रेट स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्कच्या अगदी तोंडावरचं गाव. तिथे केबिन घ्यायची, हॉट टबमधे बसायचं, अस्वल दिसलं तर फोटो काढायचा आणि सोमवारी परत ऑफिस. आम्हीही हेच करत आलोय. पण यंदा सांगलीहून अण्णा (माझे वडील) आलेले, त्यांना हॉट टबमधे काडीचा इंटरेस्ट नाही, आणि मला काही करून लॅफ्रिया बघायची होती, त्यामुळे सगळं टाइमटेबल एका माशीभोवती लागलं. नवरा एवढंच म्हणाला, माशी बघायला चार तास ड्राइव्ह? घरात येतात त्या काय वाईट आहेत?

तर लॅफ्रिया. रॉबर फ्लाय म्हणजे दरोडेखोर माश्या, त्यांचं ॲसिलिडी नावाचं मोठं कुळ आहे, जगभरात ७,००० च्या वर जाती, आपल्याकडेही बांधावर, काडीच्या टोकावर बसलेल्या दिसतात. यातल्या बऱ्याचशा करड्या नाहीतर मातकट, नजरेत न भरणाऱ्या. लॅफ्रिया ही मात्र त्या घराण्यातली नटवी प्रजाती. माइगेन या जर्मन माणसाने १८०३ मधे तिला हे नाव दिलं. अंगावर दाट केस, काळ्यावर भडक पिवळे, काही जातींमधे नारिंगी, काहींच्या पोटावर सोनेरी, आणि अवतार थेट बंबलबीचा, म्हणजे गुबगुबीत केसाळ मधमाशीचा. बंबलबी बिचारी फुलाफुलावर मध आणि पराग गोळा करत फिरते आणि ही बाई तिच्या वेषात पानावर बसून उडते किडे हवेतल्या हवेत उचलते. मॅक्रो लेन्स घेतल्यापासून मला या माशीचं वेड लागलंय. आमच्या सबडिव्हिजनमधे (म्हणजे कॉलनीत) काही ती दिसत नाही, कारण तिला लागतं जंगल, आणि त्यातही एक खास गोष्ट, ती पुढे येईलच.

अण्णांची सगळी नोकरी कृषी खात्यात, तासगाव भागात द्राक्षं आणि ऊस यांच्यात गेली. त्यांच्या लेखी किड्यांचे दोनच प्रकार, एक कीड आणि दुसरे मित्रकीटक. निघायच्या आदल्या रात्री फोटो दाखवला तर चष्मा वर करून म्हणाले, "ही मधमाशा बी खाती का?" म्हटलं हो, सापडली तर खाते. "मग कुठल्या यादीत घालायची हिला?" मी म्हटलं ते आपण तिथे जाऊन ठरवू.

मंगळवार

सहाला निघायचं ठरलं होतं, साडेआठला निघालो, यावर कोणी काही बोलायचं नाही. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही, अण्णांची सुपारी, इलेक्ट्रिक केटल, एवढं सगळं घेऊन क्लेटन, डिलर्ड, फ्रँकलिन करत चेरोकीला पोचलो. आम्ही मुद्दाम नॉर्थ कॅरोलिनाच्या बाजूने आत शिरतो, म्हणजे डोंगर आधी आणि गॅटलिनबर्गची गर्दी शेवटी.

या पार्कला एंट्री फी नाही. वर्षाला सव्वा कोटीच्या आसपास व्हिजिट होतात, अमेरिकेतल्या नॅशनल पार्कांमधे सगळ्यात जास्त, आणि तरी दाराशी कोणी पैसे मागत नाही. मेन रस्ता पार्ककडे देताना टेनेसी राज्याने त्यावर टोल लावायचा नाही अशी अट घालून ठेवली, म्हणून. मात्र मार्च २०२३ पासून १५ मिनिटांपेक्षा जास्त गाडी थांबवायची तर पार्किंग टॅग लागतो, दिवसाला ५ डॉलर, आठवड्याला १५. आम्ही आठवड्याचा घेतला. अण्णांनी त्याचे रुपये केले आणि गप्प बसले.

न्यूफाउंड गॅपला, म्हणजे ५,०४६ फुटांवरच्या खिंडीत, चहाला थांबलो. इथून दोन्ही राज्यं दिसतात असं म्हणतात, आम्हाला फक्त ढग दिसले. खरी गोष्ट पुढच्या उतारावर सुरू झाली. हिरव्या झाडीत मधेमधे उभे वाळलेले, साल गळून पांढरट झालेले मोठे मोठे खोड. अण्णा खिडकीला नाक लावून बसले होते.

"हे कशानं गं वाळल्यात?"

हे हेमलॉक. ईस्टर्न हेमलॉक, शेकडो वर्षं जगणारं सूचीपर्णी झाड. आशियातून आलेला एक बारीक किडा, हेमलॉक वूली ॲडेल्जिड, २००२ मधे या पार्कात सापडला आणि त्यानंतर झाडं वाळत गेली. माव्याच्या जवळचाच नातेवाईक, सुयांच्या बुडाशी बसतो, अंगावर पांढरा कापूस असतो आणि झाडाचा रस शोषत राहतो. अण्णांना माव्यावर लेक्चर द्यायची गरज नव्हतीच. उलट त्यांनीच विचारलं, मग काय फवारतात? मी म्हटलं फवारण्यापेक्षा जास्त करून मुळाशी औषध देतात. इमिडाक्लोप्रिड. आणि सोबत हा किडा खाणारे भुंगेरे आणून सोडतात, त्यात एक जपानी ढालकिडा पण आहे.

झालं! इमिडाक्लोप्रिड हा शब्द ऐकल्यावर अण्णा पाठीमागे रेलून बसले. द्राक्षावरच्या पिठ्या ढेकणासाठी त्यांनी क्रिप्टोलिमस ढालकिडे बागांमधे सोडायला लावलेले, शेतकरी कसे आज ढालकिडे सोडून उद्या औषध मारायचे आणि परवा ढालकिडे मेले म्हणून ऑफिसात यायचे, ते सगळं गॅटलिनबर्ग येईपर्यंत ऐकलं. ईरा (माझी मुलगी, वय ९) हेडफोन काढून ऐकत होती, हे विशेष.

बुधवार

उन्हाळ्यात दर बुधवारी केड्स कोव्हचा ११ मैलांचा लूप गाड्यांना बंद असतो, फक्त सायकली आणि पायी. म्हणून बुधवार केड्स कोव्हला दिला. हे एक मोठं मोकळं खोरं आहे, मधे गवताळ मैदान, चारही बाजूंना डोंगर, जुनी लाकडी चर्च आणि घरं. एरवी इथे अस्वल दिसलं की गाड्यांची रांग लागते आणि दोन तास हलता येत नाही. नवऱ्याने आणि ईराने कॅम्पग्राउंडच्या दुकानातून सायकली भाड्याने घेतल्या, मी आणि अण्णा चालत निघालो.

कुरणात क्लोव्हर फुललेलं, त्यावर बंबलबीच बंबलबी. ईरा सायकलवरून ओरडत यायची, "आई, लॅफ्रिया!" आणि मी बघायला जाईपर्यंत ती कुठल्यातरी फुलात डोकं घालून बसलेली असायची. मग तिला एकदाचं बसवून समजावलं. फुलात डोकं घालून बसलीये म्हणजे बंबलबी. मागच्या पायावर परागाचा गोळा आहे म्हणजे बंबलबी. लॅफ्रियाला पराग नको, मध नको, ती पानावर नाहीतर लाकडावर बसून वर आभाळाकडे बघत असते. पंख दोनच, मधमाशीला चार. डोळे भले मोठे, दोन डोळ्यांच्या मधे डोक्यावर खोलगट खड्डा, तोंडावर राठ केसांची दाढी आणि त्यातून पुढे आलेली जाड काळी सोंड. ती दाढी शोभेची नाही हां, पकडलेला किडा धडपडतो, पाय झाडतो, नांगी मारायला बघतो, तेव्हा तोंड वाचावं म्हणून असते.

"म्हणजे हेल्मेट," ईरा म्हणाली आणि परत सायकलवर.

अण्णांचा प्रश्न वेगळा होता. मधमाशीसारखं दिसून हिला मिळतं काय? माणसं यावर भांडतात. एक म्हणणं असं की नांगी असलेल्या मधमाशीला पक्षी टाळतात, तर तिच्यासारखं दिसलं की आपणही वाचतो. दुसरं असं की शिकार फसते, मधमाशी समजून किडे बेसावध राहतात. मला स्वतःला पहिलं जास्त पटतं, कारण लॅफ्रिया भुंगेऱ्यांपासून गांधीलमाश्यांपर्यंत काय वाट्टेल ते खाते आणि उडणारा भुंगेरा समोर बंबलबी आहे का लॅफ्रिया याचा विचार करत असेल असं काही वाटत नाही.

चालता चालता त्यांना होल्कोसेफाला या बारक्या रॉबर फ्लायबद्दल पण सांगितलं. जेमतेम ६-७ मिलिमीटरची, डासाएवढीच म्हणा, पण तिच्या डोळ्यात समोरच्या बाजूला मोठ्या भिंगांचा एक भाग असतो. २०१७ मधे तिच्यावर एक पेपर आला. संशोधकांनी तिच्यासमोर दोऱ्यावर बारीक मणी ओढून हाय-स्पीड कॅमेऱ्याने शूटिंग केलं. ती मण्याच्या मागे धावत नाही, मणी पुढे जिथे पोचणार असेल तिथे जाऊन त्याला गाठते, आणि शेवटी वेग कमी करून अलगद पकडते. अण्णा म्हणाले हे तर पतंगाची काटाकाटी करणाऱ्या पोरांना पण कळतं. बरं.

अस्वल दिसलं. लांब, झाडाखाली, दोन पिल्लांसह. ५० यार्डांच्या आत जायला बंदी आहे आणि लोक ती बंदी सेल्फी स्टिकने मोजतात. अण्णांनी अस्वल मिनिटभर बघितलं आणि मग बाजूच्या कुंपणाचं लाकूड कुठल्या झाडाचं असावं यावर आले. लॅफ्रिया दिसली नाही, मला अपेक्षाही नव्हती, मोकळं कुरण ही तिची जागाच नाही.

गुरुवार

आजचा दिवस माझा. गॅटलिनबर्गच्या पूर्वेला ग्रीनब्रायर नावाचा भाग आहे, तिथली पोर्टर्स क्रीक ट्रेल. गर्दी कमी, सोबत खळखळणारा ओढा, पहिला मैल तर जुना बैलगाडीच्या रुंदीचा रस्ताच, म्हणजे अण्णांच्या गुडघ्यांना झेपेल असा. एप्रिलमधे लोक इथे रानफुलांसाठी येतात. जूनमधे फुलं संपलेली आणि माणसंही.

नियम आधी सांगते. नॅशनल पार्कमधे परमिटशिवाय एकही किडा पकडता येत नाही, मेलेलासुद्धा उचलायचा नाही. त्यामुळे ईराची जाळी गाडीतच. कॅमेरा, फ्लॅशवर लावायला पांढरा डिफ्यूझर, टिक्स म्हणजे गोचिडांसाठी पँटला मारलेला स्प्रे, आणि संयम, जो नवऱ्याकडे नसल्याने तो ईराला घेऊन पुढे धबधब्याकडे गेला.

लॅफ्रिया शोधायची तर वर हिरव्या शेंड्यांकडे बघून उपयोग नाही, मेलेलं लाकूड बघायचं, तेही उन्हातलं. हीच ती खास गोष्ट. हिच्या अळ्या कुजक्या लाकडात वाढतात आणि लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या खातात. म्हणजे आधी झाड मरायला पाहिजे, मग त्यात भुंगेरे यायला पाहिजेत, मग लॅफ्रिया. आणि मोठं झाड पडलं की वरचं छप्परही उघडं होतं, इतक्या दाट सावलीच्या जंगलात बरोबर त्या ओंडक्यावरच ऊन पडतं. शिकारीला ऊन लागतंच, पाठीमागून उजेड आलेला उडता किडा तिला दिसतो आणि तिचं अंगही गरम राहतं. त्यामुळे मी ट्रेलवर चालत नव्हते, एका पडक्या खोडापासून दुसऱ्या पडक्या खोडापर्यंत जात होते. आजूबाजूला ट्युलिप पॉप्लरची सरळसोट उंच झाडं आणि त्यांच्यात आडवे पडलेले हेमलॉक, शेवाळ धरलेले, मधेच मोडलेले, काही तर ओढ्यावर पूल होऊन पडलेले.

साडेदहाच्या सुमारास ऊन ओढ्याच्या काठापर्यंत उतरलं. अण्णा एका दगडी बांधावर बसले होते. पार्क व्हायच्या आधी इथे वस्ती होती, शेतं होती, त्यांचे हे बांध, १९३४ मधे पार्क स्थापन झाला त्याच्या आसपास माणसं उठवली गेली. अण्णा त्या बांधाची रचाई बघत होते आणि तसंच बसल्या बसल्या म्हणाले, "अगं, त्या काळ्या ओंडक्यावर बघ, एक मधमाशी उगाचच बसलीय."

उगाच बसलेली मधमाशी! मी पोटावर झोपलेच.

ती होती. ओंडक्याच्या मोडक्या टोकाला, उन्हाच्या वितभर पट्ट्यात. पाऊण इंचापेक्षा थोडी मोठी. पाठ म्हणजे छातीचा वरचा भाग गडद पिवळ्या केसांनी भरलेला, तेल लावून विंचरल्यासारखा चमकत होता, मागे पोट काळंभोर, पाय काळे आणि केसाळ, पंख धुरकट आणि पाठीवर एकावर एक घडी घातलेले. आणि डोकं सतत हलत होतं. बारीक झटके देत, डावीकडे, वर, परत डावीकडे. समोरून काहीही उडत गेलं की डोकं त्याच्याबरोबर फिरायचं. एक चिलट गेलं, बघितलं, सोडलं. एक पतंग गेला, अर्धवट उठली, परत बसली. काय घ्यायचं काय नाही हे तिचं ठरलेलं होतं.

मग एकदम उडाली. आवाज मोठा, बंबलबीसारखाच घरघरता, मी दचकले. दोन सेकंदात परत त्याच टोकावर, त्याच तोंडाने, आणि पायात तपकिरी भुंगेरा. भुंगेऱ्याचं चिलखत कडक असतं पण उडताना त्याला वरची कडक पाखं उघडावी लागतात, मऊ अंग उघडं पडतं आणि बऱ्याचदा नेमकी तिथेच सोंड घुसते. सोंडेतून लाळ आत जाते, त्यात किड्याला लुळं पाडणारं विष असतं आणि आतलं मांस विरघळवणारे पाचक रस पण. मग फक्त शोषून घ्यायचं. मी बघत होते तेव्हा भुंगेऱ्याची एक पाख वाकडी उघडी राहिलेली, सोंड तिच्या बुडाशी, आणि एक पाय अजून हलत होता, मग थांबला. थोड्या वेळाने तिने सोंड काढली, मागच्या पायांवर तोल सांभाळत पुढच्या पायांनी भुंगेरा कणसासारखा फिरवला आणि दुसऱ्या बाजूने परत सोंड खुपसली. तोंडावरच्या दाढीला भुंगेऱ्याच्या पायाचा काटेरी तुकडा अडकलेला, तो तिने पुढच्या पायाने झटकला.

हे सगळं माझ्या लेन्सपासून हातभर अंतरावर. ती माणसाला चावत नाही, मुठीत धरली तर मात्र चावते आणि ते चांगलंच दुखतं म्हणतात. मुठीत कोण धरतंय.

अण्णा मागे येऊन उभे राहिले, वाकता येत नाही म्हणून कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "हुमणीचा भुंगेरा असाच पकडायला पाहिजे हिनं." हुमणी म्हणजे उसाची मुळं खाणारी अळी, तिचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर कडुलिंबावर, बाभळीवर येतात, आणि अण्णांनी लोकांना रात्री फांद्या हलवून ते गोळा करायला लावण्यात कितीतरी जून घालवलेत. त्यांच्या डोक्यात माशीची बदली लगेच मित्रकीटक यादीत झाली. मी आठवण करून दिली, मधमाशा पण खाते. "खाऊ दे की एखादी," म्हणाले.

भुंगेरा रिकामा झाल्यावर तिने नुसता सोडून दिला, ओंडक्यावरून घरंगळून खाली पडला. खाली अजून दोन कवचं पडलेली होती. हा अड्डा जुना दिसतोय.

नवरा आणि ईरा फर्न ब्रांच धबधबा बघून आले, म्हणाले ढोपराएवढ्या ओढ्यावर एकाच खोडाचा पूल आहे, मजा आली. तोपर्यंत मी अजून दोन लॅफ्रिया टिपल्या होत्या, एक पानावर, एक पलीकडच्या खोडावर. तिथेच धपाटे खाल्ले. अस्वलांमुळे चटणीचा कणसुद्धा मागे ठेवायचा नाही, हे काम ईराने मन लावून केलं.

रात्री केबिनवर अण्णा विचारत होते आपल्याकडे अशी नाही का कुठली. आहे ना, दक्षिण भारतात हायपरेकिया म्हणून एक आहे, ती बंबलबीऐवजी आपल्या काळ्या सुतारभुंग्यासारखी दिसते, तो नाही का वाशाला भोकं पाडतो, तोच. आणि या हायपरेकियाच्या अळ्या सुतारभुंग्याने लाकडात कोरलेल्या घरातच राहून त्याच्या अळ्या खातात. म्हणजे रूप पण त्याचंच, घर पण त्याचंच आणि जेवण पण त्याच्याच पोरांचं. अण्णा हसून हसून खोकले.

शुक्रवार

सकाळपासून पाऊस. स्मोकीजमधे वरच्या भागात वर्षाला ८५ इंचांपर्यंत पाऊस होतो, त्यामुळे तक्रार करायची सोय नाही. गॅटलिनबर्गच्या मेन रोडवर फेरी मारली, फज, मूनशाइन दारूचे सँपल, भुताची घरं, बाकी काही सांगण्यासारखं नाही. अण्णांना पॅनकेक आवडला पण सिरप नको म्हणाले, चटणी होती खिशात.

मग शुगरलँड्स व्हिजिटर सेंटर. इथे मला थांबायचंच होतं. या पार्कात १९९८ पासून एक काम चालू आहे, पार्कातला प्रत्येक जीव मोजायचा, शेवाळापासून अस्वलापर्यंत. यादी २०,००० च्या पुढे गेली आहे आणि त्यातले १,००० हून जास्त जीव विज्ञानाला आधी माहीतच नव्हते. माणसं इथे अस्वल बघायला येतात, आणि अस्वल म्हणजे त्या यादीतली एक ओळ!

दुपारी उघडलं, तडक एल्कमाँटला गेलो. एल्कमाँट प्रसिद्ध आहे काजव्यांसाठी, एकाच लयीत चमकणारे, पण त्यासाठी लॉटरी असते आणि ती आम्हाला लागली नव्हती. दिवसा मात्र लिटल रिव्हर ट्रेल सगळ्यांना मोकळी. पावसानंतरचं ऊन, सगळ्या ओंडक्यांतून वाफ निघत होती आणि अख्ख्या जंगलाला अळंबीचा वास येत होता.

अशा उन्हाची वाट बघत सगळेच किडे दबून बसलेले असतात. पहिल्या पंधरा मिनिटांतच ट्रेलला लागून पडलेल्या एका जाड खोडावर एक लॅफ्रिया दिसली, कालच्यापेक्षा वेगळी, पोटावर सोनेरी लव. ती शिकार करत नव्हती. खोडावरून चालत होती, जे या माश्या फारसं करत नाहीत. दोन पावलं चालायची, पोटाचं टोक वाकवून सालीच्या भेगेत घालायची, थांबायची, काढायची, पुढची भेग. अंडी घालत होती. एका भेगेला मात्र नुसतं टोक लावून लगेच पुढे गेली. का आवडली नाही कोण जाणे, मला तर सगळ्या सारख्याच दिसत होत्या.

यावेळी अण्णा गुडघे दुखत असूनही खाली बसले. खोडाच्या तुटलेल्या बाजूला भुंगेऱ्यांच्या अळ्यांनी पोखरलेली भोकं होती, भुसा बाहेर आलेला. बोटाने भुसा चोळून वास घेतला आणि ईराला समजावायला लागले, इथे आत गोल पांढरी अळी असणार, हे खोड खात, आणि हिची अळी तिला शोधत आतच फिरणार, बाहेर कुणाला पत्ता नाही. ईरा म्हणाली, "आजोबा, पण मग हे झाड मेलं ते बरं झालं का वाईट झालं?" अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी कॅमेऱ्यात डोकं घातलं.

माझं मत विचाराल तर हेमलॉक गेले हे वाईटच. ओढ्यावरची सावली गेली, पाणी तापतं, थंड पाण्यातले मासे अडचणीत येतात. पण आपल्याकडे जंगलात पडलेलं लाकूड दिसलं की हात शिवशिवतात, सोसायटीच्या बागेत तर वाळकी फांदी दोन दिवस टिकत नाही, आणि मग आपणच म्हणतो किडे कमी झाले. इथे ट्रेलवर आडवं आलेलं झाड फक्त वाटेपुरतं कापतात आणि दोन्ही तुकडे तिथेच सोडून देतात. एवढी एक गोष्ट मला या पार्कची फार आवडते.

शनिवार

परतीचा दिवस. निघताना वाटेत कुवोही. हे पार्कातलं सगळ्यात उंच शिखर, ६,६४३ फूट. २०२४ च्या सप्टेंबरपर्यंत याचं नाव क्लिंगमन्स डोम होतं, मग इथल्या मूळ रहिवासी चेरोकी लोकांचं जुनं नाव परत दिलं. पार्किंगपासून अर्धा मैल डांबरी चढ, पण असला उभा की तरुण पोरंही बाकड्यांवर बसत होती. अण्णा सुपारी चघळत एका दमात वर.

वर फ्रेझर फर या सूचीपर्णी झाडाची वाळलेली खोडं, हेमलॉकसारखीच कहाणी, फक्त किडा वेगळा आणि जुना, बाल्सम वूली ॲडेल्जिड, तो १९६० च्या दशकात इथे पोचला. मधे नवीन फरची रोपं चांगली दाट वाढलेली दिसली. गार वारा, ढग, बारा-तेरा डिग्री, अशा हवेत लॅफ्रिया कुठली बसतेय, मी कॅमेरा बॅगेतून काढलाच नाही. टॉवरवर ईराने अण्णांचा आणि ढगांचा फोटो काढला.

खाली ओकोनालुफ्टीला एल्कचा, म्हणजे मोठ्या हरणांचा, कळप कुरणात चरत होता. हे एल्क इथून शिकारीने संपले होते, २००१-०२ मधे परत आणून सोडले. रस्त्याच्या कडेला ही गर्दी, आणि रेंजर सगळ्यांना मागे ढकलत होता. आम्ही लांबूनच बघितले. मी तोवर फोटो अपलोड करायला घेतले, चेरोकीत रेंज येते. गुरुवारची पिवळ्या पाठीची बाई लॅफ्रिया थोरॅसिका असावी असा माझा कयास, शुक्रवारची सोनेरी सेरिसिया गटातली. पण या प्रजातीत एकमेकींसारख्या दिसणाऱ्या जाती इतक्या आहेत की नुसत्या फोटोवरून जाणकारही बऱ्याचदा गटापर्यंतच येऊन थांबतात. थांबू देत.

अण्णांनाही रेंज आली होती. त्यांनी तिकडची वेळ वगैरे न बघता गावाकडे चुलतभावाला फोन लावला, स्पीकरवर.

"ऐक, विहिरीजवळचा तो जुना आंबा पडलाय न्हवं, त्याचं खोड हाय तसं राहू दे. हात लावू नको. मी आलो की बघतो त्यात काय काय हाय ते."

तिकडून झोपेतला आवाज आला, "अण्णा, त्याचं सरपण कवाच झालं की. निम्मं जळलं बी."

"मग उरलेलं निम्मं ठेव!" अण्णा एवढ्या जोरात ओरडले की दोन एल्कनी मान वर करून आमच्या गाडीकडे बघितलं.